अपग्रेडनंतर मशीन अडलं? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून बेळगावच्या खडेबाजारात काय नि खानापुरात काय, कॉम्प्युटरच्या दुकानात एकच तक्रार कानावर येते : ‘विंडोज ११ टाकलं आणि मशीन चालूच होईना झालंय.’ त्यावरचं उत्तरही ठरलेलं, ‘फॉरमॅट मारूया की.’ तासाभरात नवं विंडोज बसतं, मशीन पळायला लागतं. मग हळूहळू कळत जातं की श्रीलिपीचे फॉन्ट गेले, कन्नड टायपिंगच्या नुडीचा कीबोर्ड गेला, आणि टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर होता तो तर गेलाच.

अपग्रेडनंतर अडलेल्या मशीनमधलं विंडोज खरोखर मोडलेलं असतं असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेकदा ते एका ठरावीक ठिकाणी अडलेलं असतं, आणि कुठे अडलंय हे पडद्याकडे नीट बघितलं तर कळतं. डेल, एचपी, लेनोवो असा कंपनीचा लोगो यायच्या आधीच सगळं थांबलं, किंवा डिस्क सापडत नाही असा मजकूर आला, तर दोष बायोसमध्ये (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) किंवा सुट्या भागात शोधायचा. लोगोखाली ठिपके फिरत राहिले किंवा निळा पडदा आला तर डिस्क, बूटच्या (विंडोज सुरू करणाऱ्या) फाइली नाहीतर ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. लॉगिनपर्यंत पोचून पुढे काळोख झाला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा विंडोजसोबत आपोआप सुरू होणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर. एवढी विभागणी केली तरी अर्धा शोध संपतो.

आधी ठरवा : अडलंय की चाललंय?

‘अपडेट ३० टक्क्यांवर अडकलं’ म्हणून पॉवर बटण दाबून धरणं हे मशीन बिघडायचं मोठं कारण आहे. फिरत्या हार्डडिस्कवर, त्यातही लॅपटॉपच्या ५४०० आरपीएमच्या डिस्कवर, हा आकडा एकाच जागी तासभर राहू शकतो. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही. हार्डडिस्क असेल तर तीन-चार तास थांबावं. एसएसडी असेल आणि तासभर दिव्याची काहीच हालचाल नसेल, तर मात्र ते खरंच अडलंय असं समजायला हरकत नाही. ‘अंडूइंग चेंजेस’ असं दिसत असेल तर अजिबात बंद करू नका. तेव्हा विंडोज स्वतःच जुन्या जागी परत जात असतं, आणि त्या वाटेत वीज गेली तर ना दहा राहतं ना अकरा.

म्हणून खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यात, वीज सारखी जाते तेव्हा, जून ते ऑगस्ट डेस्कटॉपवर अपग्रेड सुरूच करू नये, निदान फक्त यूपीएसच्या भरवशावर नको. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ देतो. दोन तासांचं अपग्रेड त्यावर निभत नाही. त्याला इन्व्हर्टरची लाइन हवी. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला.

निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतोय

हा बिघाड नाही, पण लोकांची सगळ्यात जास्त धांदल इथेच उडते. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला बिटलॉकरचं कुलूप, आपोआप चालू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये तर हे आणखी जास्त मशीनवर होतं. अपग्रेडच्या वेळी कोणी बायोस अपडेट केला, सिक्युअर बूट चालू-बंद केलं किंवा टीपीएम या सुरक्षेच्या चिपची सेटिंग हलवली, तर चिपला वाटतं की डिस्क परक्या मशीनमध्ये गेली, आणि बिटलॉकर किल्ली मागतो.

किल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या पानावर असते. पडद्यावर ‘की आयडी’ दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं अकाउंटमधल्या नोंदीशी जुळवायची आणि त्यासमोरचे ४८ आकडे टाकायचे. खरी अडचण पुढे आहे : अकाउंट कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानदाराने ‘सेटअप करून देतो’ म्हणत स्वतःचा किंवा घाईत काढलेला ईमेल टाकलेला असतो. मुलाच्या कॉलेजच्या ईमेलने लॉगिन केलेलं असेल तर किल्ली कॉलेजकडे. तेव्हा जे जे ईमेल त्या मशीनवर कधी वापरले गेले ते सगळे तपासा. किल्ली कुठेच मिळाली नाही तर त्या डिस्कवरचा डेटा परत येत नाही. ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मशीन अजून चालू असेल तर किल्ली आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरता बंद) करा.

तीन व्होल्टची बॅटरी

डेस्कटॉप जुना असेल आणि रोज रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचा स्विच बंद होत असेल, तर सगळ्यात आधी मदरबोर्डवरची गोल बॅटरी तपासा. सीआर२०३२, ३ व्होल्ट, किराणा दुकानातसुद्धा मिळते. ती उतरली की बायोसमधल्या सेटिंग फॅक्टरीच्या जागी जातात. घड्याळ मागे पडतं, ‘सीमॉस चेकसम एरर’ दिसतो किंवा एफ१ दाबायला सांगतो. विंडोज १० त्या अवस्थेतही कसंबसं चालत होतं म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. अपग्रेडनंतर दोष उघडा पडला.

मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदलूनच टाका. मग बायोसमध्ये जाऊन चार गोष्टी बघायच्या : तारीख-वेळ, बूट मोड यूईएफआय आहे का, साटा मोड (मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं) पूर्वी होता तोच आहे का, आणि टीपीएम चालू आहे का. टीपीएमला इंटेलच्या बोर्डावर पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम.

यातला साटा मोड फार दगाबाज. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असताना बायोस रेड किंवा आयडीई मोडवर गेला, की ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो, कोड ७बी. डिस्क चांगली असते, विंडोजही चांगलं असतं. फक्त डिस्कशी बोलायचा ड्रायव्हर चुकतो. मोड परत जागेवर आणला की मशीन उठतं. कोणता मोड होता ते माहीत नसेल तर एकेक करून बघा, त्याने डेटा जात नाही. इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग असते, तिच्यामुळे सेटअपला डिस्क दिसेनाशी होऊ शकते. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना डिस्कच दिसत नसेल तर ‘डिस्क गेली’ म्हणून नवी घेऊ नका. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. डिस्क लगेच दिसते.

दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं कसं

विंडोज सुरू होत नसेल तर एफ८ बडवत बसू नका, त्याचे दिवस विंडोज ७ बरोबर गेले. लोगोखाली ठिपके फिरायला लागले की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ येतो. (वर सांगितलेलं ‘अपडेट चालू असताना बंद करू नका’ अजून लागू आहे. हे फक्त अडलेल्या मशीनसाठी.) लॉगिनपर्यंत जात असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्टवर क्लिक केलं की तोच पडदा येतो. पुढे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

इथे आल्यावर पहिलं काम दुरुस्तीचं नाही, डेटा काढायचं आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा. साधं नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन करा, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा, आणि समोर आलेल्या खिडकीतून फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. प्रगतीची पट्टी दिसत नाही, नोटपॅड गोठल्यासारखं वाटतं. वाटू दे, कॉपी चालू असते. या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी म्हणजे नेहमीचा सी असेलच असं नाही. युझर्स नावाचं फोल्डर जिथे दिसेल ती तुमची विंडोजची ड्राइव्ह.

काय काय घ्यायचं? डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात. टॅलीचा डेटा तिथे नसतो. १०००० किंवा १००००० अशा आकड्यांच्या नावाची फोल्डर ज्यात आहेत ते डेटा फोल्डर शोधा आणि अख्खं उचला. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर पूर्ण घ्यावं. मराठी-कन्नड दोन्ही भाषांत काम करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे वर्षानुवर्षं साठलेले जुन्या एन्कोडिंगचे फॉन्ट असतात. पेजमेकर नाहीतर कोरलमधली जुनी पत्रिका नेमका तोच फॉन्ट नसेल तर उघडून उपयोग नाही, अक्षरांच्या जागी कचरा दिसतो.

कॉपी करताना डिस्क अडखळत असेल, कटकट आवाज करत असेल, तर दुरुस्ती तिथेच थांबवा. अपग्रेडमध्ये डिस्कवर कित्येक जीबी लिहिलं जातं, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्याच वेळी मान टाकते. ती काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ बघा. पेंडिंग शून्य नसेल तर चेकडिस्क चालवू नका. खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शोधून काढायची ती कमांड डिस्कला तासन्‌तास घासते, आणि उरलेला डेटाही त्यात जातो. आधी डेटा, मग नवी एसएसडी.

डेटा हाताशी आला की पुढचा क्रम मला असा योग्य वाटतो. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा. एकदाच, दहा वेळा केल्याने निकाल बदलत नाही. मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये ‘लेटेस्ट फीचर अपडेट’ काढून बघा. म्हणजे विंडोज १० परत. हा रस्ता अपग्रेडनंतर दहाच दिवस खुला असतो आणि तो विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरवर उभा असतो. ‘सी ड्राइव्ह भरली’ म्हणून कुणी क्लीनर चालवून ते फोल्डर उडवलं असेल तर रस्ता बंद. मशीन नीट चालतंय याची दहा दिवस खात्री होईपर्यंत जागा साफ करू नका, एवढंच.

बूटच्या फाइली गेल्या असतील, म्हणजे पडद्यावर ‘बूट कॉन्फिगरेशन डेटा’बद्दल तक्रार असेल, तर त्या पुन्हा लिहिता येतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. यादीत फॅट३२ असा १०० ते ५०० एमबीचा छोटा व्हॉल्यूम दिसेल. तो ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ आणि त्याचा क्रमांक देऊन निवडा, ‘असाइन लेटर=एस’ करून त्याला अक्षर द्या, एक्झिट करा. लावलेला पेनड्राइव्हसुद्धा फॅट३२ असू शकतो, आकार बघूनच निवडा. मग ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ ही कमांड, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत आणि सी च्या जागी तुमच्या विंडोजचं अक्षर. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ आलं की काम झालं. डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ नावाची एक कमांड आहे. ऑनलाइन व्हिडिओ बघून ती टाइप करू नका, तिने डिस्कचं सगळं विभाजन पुसलं जातं.

काळा पडदा आणि नुसता बाण दिसत असेल तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, एक बीप ऐकू येतो. त्याने नाही जमलं तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रीस्टार्ट, आणि ४ आकडा दाबून सेफ मोड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकं असेल तर ड्रायव्हर काढून टाका आणि कंपनीच्या साइटवरचा टाका.

अपग्रेड अर्ध्यावरून परत येतं तेव्हा

कधी मशीन बिघडत नाही, पण अपग्रेड दरवेळी शेवटी माघार घेतं आणि एक कोड टाकून जातं. ०xसी१९००१०१ ने सुरू होणारे कोड म्हणजे ड्रायव्हर. इथल्या मशीनवर संशयित तीन : जुना अँटिव्हायरस, जुना वायफाय ड्रायव्हर आणि डोंगलचा (सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी लावतात त्या यूएसबी किल्लीचा) ड्रायव्हर. अँटिव्हायरस पूर्ण काढा, डोंगल आणि प्रिंटरच्या केबल उपसा, फक्त कीबोर्ड-माउस ठेवा आणि पुन्हा चालवा. ०x८००७००७० म्हणजे जागा कमी. ०x८००एफ०९२२ बऱ्याचदा सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन भरल्याचं सांगतो. नेमकं कारण हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग हे फुकट टूल लॉग वाचून दोषी ड्रायव्हरचं नाव सांगतं. अंदाजाने तीन गोष्टी बदलण्यापेक्षा हे बरं.

कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या टूलने विंडोज ११ च्या अटी वगळून २४एच२ टाकायचा खटाटोप मात्र सोडा. टीपीएमची अट वगळता येते, पण या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ च्या सूचना लागतात. त्या नसतील तर मशीन बूटच होत नाही, आणि त्याला काही उपाय नाही.

विंडोज सुरू होतंय पण रडतखडत, स्टार्ट मेन्यू उघडत नाही, अशा वेळी फॉरमॅटऐवजी त्यावरच विंडोज पुन्हा बसवता येतं आणि सॉफ्टवेअर, फॉन्ट, डेटा सगळं राहतं. मात्र दोन अटी. सेटअप चालू विंडोजच्या आतून चालवायचा. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय मिळत नाही. दुसरी, भाषा जुळली पाहिजे. मशीनवर इंग्लिश युनायटेड स्टेट्स असेल आणि डाउनलोड इंग्लिश इंटरनॅशनलचं असेल तर तोच पर्याय फिका दिसतो. आपल्याकडच्या लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं, त्यावर प्रोची फाइल वापरू नका.

सुरू झालं, पण काम होईना

डीटीपीच्या दुकानात ‘ए ड्रायव्हर कॅनॉट लोड’ असा निरोप आला तर बहुधा डोंगलच्या जुन्या ड्रायव्हरला ‘मेमरी इंटिग्रिटी’ने अडवलेलं असतं. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे ती सेटिंग आहे. बंद केली तर चालेल, पण ती कर्नलचं संरक्षण करते, म्हणून आधी सॉफ्टवेअरवाल्याकडून डोंगलचा नवा ड्रायव्हर मागा. जुनं १६ बिटचं डॉसवरचं बिलिंग असेल तर ते विंडोज ११ वर थेट चालणारच नाही, कारण विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. डॉसबॉक्समध्ये चालवता येतं, प्रिंटिंग मात्र त्रास देतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये वेगळाच प्रकार. ऑफिसचं मशीन २४एच२ प्रोवर गेलं आणि शेअर केलेलं फोल्डर उघडेना. या आवृत्तीत पासवर्डशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश बंद आहे आणि एसएमबी (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची पद्धत) सायनिंग सक्तीचं आहे. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे पासवर्डसह एक युझर तयार करा आणि दुसरीकडून त्याच नावाने जोडा, विंडोज ७ असलं तरी जमतं. सीएनसी यंत्राशेजारी अजून विंडोज एक्सपी असेल तर त्यासाठी जुनं एसएमबी १ परत चालू करणारे बरेच आहेत. मी तो सल्ला देणार नाही. प्रोग्रॅम पेनड्राइव्हने न्या.

आणि गावोगावची दूध संकलन केंद्रं. वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र सीरियल केबलने कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, मध्ये यूएसबीचं छोटं अडॅप्टर. अपग्रेडनंतर आकडे यायचे थांबतात आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या नावाजागी ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ असं वाक्य दिसतं. अडॅप्टरमधली चिप मेलेली नाही, नव्या ड्रायव्हरने तिला नाकारलंय. ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’ असं जाऊन यादीतला जुना ड्रायव्हर निवडला तर चालतं, पण विंडोज अपडेट तो पुन्हा बदलू शकतं. सकाळ-संध्याकाळ माणसं रांगेत उभी असतात, तिथे ही कटकट नको. एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपचं अडॅप्टर घ्या.

नवं अडॅप्टर लावलं की पोर्टचा क्रमांक बदलतो, कॉम ३ चा कॉम ७ होतो, आणि संकलनाचं सॉफ्टवेअर जुन्याच पोर्टवर वाट बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जुना क्रमांक द्या. ‘इन यूज’ म्हणत असेल तर व्ह्यूमधून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा, फिक्या रंगात दिसणारं जुनं अडॅप्टर अनइन्स्टॉल करा आणि मग क्रमांक द्या. बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) काट्याच्या मॅन्युअलप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. तो चुकला की वजनाऐवजी भलतीच अक्षरं उमटतात.